ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि सोनोग्राफी

खोकला आला, शिंक आली, जोराने हसू आले किंवा पाण्याने भरलेली बादली उचलली की नकळत थोडी लघवी होते, अशी तक्रार असणाऱ्या स्त्रिया आपल्या अवतीभवती पुष्कळ आहेत. ती बोलून दाखविणाऱ्या मात्र थोड्या. 'बाळंतपणानंतर असे व्हायचेच', 'वय झाले की चालायचेच' अशी स्वतःची समजूत घालून त्या दिवस काढतात. लांबचा प्रवास टाळतात, लग्नकार्याला निघण्याआधी पाणी पीत नाहीत, बसायची जागा स्वच्छतागृहाजवळ पाहून ठेवतात. वास्तविक या तक्रारीवर पहिला उपाय औषध किंवा शस्त्रक्रिया हा नसून व्यायाम हा आहे. परंतु हा व्यायाम ज्या स्नायूंचा करायचा, ते स्नायू डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते नीट आवळले जात आहेत की नाही, हे करणाऱ्यालाही पुष्कळदा कळत नाही. या न दिसणाऱ्या स्नायूंची हालचाल प्रत्यक्ष पडद्यावर दाखविण्याचे काम गेल्या काही दशकांत सोनोग्राफीने केले आहे.

कोणते हे स्नायू?

आपल्या कटिभागाची हाडे मिळून एक बिनतळाचे भांडे तयार होते, असे मानले तर त्या भांड्याचा तळ स्नायूंनी विणलेला आहे. पुढच्या बाजूस जघनास्थी आणि मागच्या बाजूस माकडहाड यांच्यामध्ये हे स्नायू झोळीसारखे ताणून बसविलेले असतात. वैद्यकीय परिभाषेत त्यांना श्रोणितल स्नायू म्हणतात. त्यांतील मुख्य म्हणजे 'लेव्हेटर ॲनाय' या नावाने ओळखला जाणारा गुदोत्थापक स्नायू होय. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार याच झोळीवर असतो.

या झोळीला मध्यभागी एक फट असते. स्त्रियांमध्ये मूत्रमार्ग, योनी आणि गुदमार्ग या फटीतून खाली येतात. स्नायू आवळले की ही फट लहान होते, मार्ग मिटतात आणि मूत्राशयाची मान वर उचलली जाते. लघवी किंवा शौचाच्या वेळी स्नायू सैल पडतात आणि मार्ग मोकळे होतात. आवळणे आणि सैल सोडणे या दोन्ही क्रिया योग्य वेळी होणे म्हणजेच या स्नायूंचे कार्य ठीक असणे. आवळण्यात उणेपणा आला तर लघवी गळते किंवा 'अंग बाहेर येते'. सैल सोडण्यात अडथळा आला तर बद्धकोष्ठ, लघवीला अडणे, शरीरसंबंधाच्या वेळी वेदना अशा तक्रारी उद्भवतात.

योगाभ्यासातील मूलबंध ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या भागाचे आकुंचन कसे असते याची थोडीफार कल्पना असेल. आधुनिक वैद्यकात या व्यायामाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नॉल्ड केगल यांनी. त्यांनी १९४८ मध्ये आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. म्हणूनच हे व्यायाम 'केगल व्यायाम' या नावाने ओळखले जातात. केगल यांनी व्यायामाबरोबरच आवळण्याचा दाब मोजणारे 'पेरिनिओमीटर' नावाचे साधनही तयार केले होते, ही गोष्ट मात्र पुढे अनेकांच्या विस्मरणात गेली. आपण बरोबर आवळतो आहोत की नाही हे रुग्णाला कळलेच पाहिजे, हा त्यामागील विचार होता.

सांगून कळत नाही

'लघवी रोखून धरल्यासारखे करा', एवढी सूचना देऊन एखाद्या स्त्रीला घरी पाठविले तर काय होते? अमेरिकेत डॉ. रिचर्ड बम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ४७ स्त्रियांवर केलेला अभ्यास या संदर्भात नेहमी उद्धृत केला जातो. थोडक्यात तोंडी सूचना दिल्यावर साधारण निम्म्याच स्त्रियांना स्नायू योग्य रीतीने आवळता आले. त्याहून गंभीर बाब अशी की, सुमारे २५ टक्के स्त्रियांचा प्रयत्न अशा प्रकारचा होता, की त्यामुळे लघवी गळण्यास उलट मदतच व्हावी. त्या आवळण्याऐवजी कुंथत होत्या. झोळी वर उचलण्याऐवजी तिच्यावर वरून दाब देत होत्या.

बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक सहसा कळत नाही. कुणी पोट आत ओढते, कुणी मांड्या एकमेकींवर दाबते, कुणी नितंब आवळते, कुणी श्वासच रोखून धरते. प्रत्येकीला वाटते, आपण व्यायाम करीत आहोत. काही महिन्यांनी गुण न आल्यास 'व्यायामाने काही होत नाही' असा निष्कर्ष निघतो आणि शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. व्यायाम निष्फळ ठरणे आणि तो मुळात झालाच नसणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. त्यांतला भेद ओळखणे हाच या तपासणीचा खरा उपयोग.

तपासण्याच्या पद्धती

सर्वांत साधी आणि आजही महत्त्वाची पद्धत म्हणजे तज्ज्ञाने हातमोजा घालून योनिमार्गातून बोटाने केलेली तपासणी. आकुंचनाची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणीत नोंदविली जाते. तिला सुधारित ऑक्सफर्ड श्रेणी म्हणतात. या तपासणीला यंत्र लागत नाही. मात्र तिचा निकाल तपासणाऱ्याच्या अनुभवावर बराच अवलंबून असतो. दाब मोजणारी साधने आकडा देतात. परंतु कुंथल्यामुळे किंवा पोट आवळल्यामुळे वाढलेला दाबही त्यांच्या आकड्यात मिसळू शकतो. स्नायूंतील विद्युत्क्रिया मोजणारी यंत्रे स्नायू जागा झाला हे सांगतात, तो कोणत्या दिशेने हलला हे सांगू शकत नाहीत. एमआरआयमध्ये रचना उत्तम दिसते. पण ती तपासणी खर्चिक असते आणि खोकताना, आवळताना होणारी क्षणाक्षणाची हालचाल पाहण्यासाठी ती रोज वापरण्याजोगी नाही.

सोनोग्राफीचे बलस्थान येथेच आहे. वैद्यकात तिचा पाया घालणाऱ्या कामांपैकी एक म्हणजे ग्लासगो येथील डॉ. इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध होय. पुढे १९८० च्या दशकात श्रोणितलाच्या तपासणीसाठी तिचा वापर सुरू झाला. त्रिमिती यंत्रे आल्यावर, विशेषतः २००० नंतर, सिडनी येथील डॉ. हान्स पीटर डिट्झ यांच्यासारख्या संशोधकांनी या तपासणीला शास्त्रशुद्ध चौकट दिली. २०१९ मध्ये अमेरिकेतील आणि आंतरराष्ट्रीय पातळीवरील तज्ज्ञ संस्थांनी मिळून ही तपासणी कशी करावी याचे निकषही प्रसिद्ध केले. या तपासणीत क्ष-किरण वापरले जात नाहीत, सुई टोचावी लागत नाही आणि हालचाल घडत असतानाच पडद्यावर दिसते.

तपासणी कशी होते?

ही तपासणी मुख्यतः दोन प्रकारे करतात.

पहिला प्रकार पोटावरून. मूत्राशयात बऱ्यापैकी लघवी साठलेली असताना प्रोब ओटीपोटावर, जघनास्थीच्या किंचित वर ठेवतात. भरलेले मूत्राशय पडद्यावर काळ्या फुग्यासारखे दिसते. स्नायू योग्य रीतीने आवळले की या फुग्याचा तळ वर उचलला जातो. कुंथल्यास तो खाली जातो. येथे कपडे उतरविण्याची गरज पडत नाही. त्यामुळे संकोच करणाऱ्या स्त्रिया, अविवाहित मुली, लहान मुले आणि पुरुष यांच्यासाठी ही पद्धत सोयीची ठरते. तिचा दोष असा की, पडद्यावर हाडाची पक्की खूण नसते. पोटाची भिंत फुगली किंवा प्रोब हलला तरी मोजमाप चुकू शकते. तळ वर गेला की खाली, एवढे ती सांगते. मिलिमीटरच्या हिशेबावर फार विसंबता येत नाही.

दुसरा प्रकार बाह्य जननेंद्रियावरून. मूत्राशय रिकामे करून रुग्णाला पाठीवर, गुडघे दुमडून झोपवितात. पोटाच्या सोनोग्राफीसाठी वापरतात तोच वक्र प्रोब, जेल लावून व स्वच्छ आवरण घालून, बाहेरूनच टेकवितात. तो आत घातला जात नाही, हे येथे मुद्दाम सांगायला हवे. पडद्यावर एका बाजूला जघनास्थी, त्यामागे मूत्रमार्ग व मूत्राशयाची मान, मग योनी, गुदमार्ग आणि सर्वांत मागे गुदोत्थापक स्नायूचा पट्टा अशी रांग दिसते. जघनास्थी हलत नसल्यामुळे तिच्यापासून अंतरे मोजता येतात. ही पद्धत अधिक अचूक मानली जाते.

यानंतर रुग्णाला तीन गोष्टी करायला सांगतात: सैल पडून राहणे, आवळणे आणि कुंथणे. कधी खोकायलाही सांगतात. या प्रत्येक वेळी पडद्यावरचे चित्र बदलते.

पडद्यावर काय दिसते?

आवळण्याची क्रिया बरोबर असेल तर स्नायूचा पट्टा पुढे आणि वर, म्हणजे जघनास्थीच्या दिशेने सरकतो. गुदमार्ग व गुदाशय यांच्यामधील कोन अधिक तीव्र होतो, मूत्राशयाची मान किंचित वर जाते आणि मधली फट आखूड होते. कुंथताना याच्या नेमके उलट घडते. म्हणून एखादी स्त्री 'आवळते आहे' असे सांगत असताना चित्र खाली सरकू लागले, तर चूक त्याच क्षणी लक्षात येते.

कुंथण्याच्या चाचणीत मूत्राशयाची मान किती खाली येते, हे पाहतात. ती बरीच खाली घसरत असेल, तर खोकताना लघवी गळण्याशी त्याचा संबंध असू शकतो. गर्भाशय, मूत्राशय वा गुदाशय यांपैकी कोणता अवयव खाली उतरतो आहे, हेही कळते. मात्र येथे एक गफलत होऊ शकते. लाजेमुळे किंवा लघवी होईल या भीतीने अनेक स्त्रिया कुंथताना नकळत स्नायू आवळून धरतात आणि अवयव खाली येणे लपून राहते. पडद्यावर फट आखूड होताना दिसली की अनुभवी तज्ज्ञ हे ओळखतो, रुग्णाला समजावतो आणि चाचणी पुन्हा घेतो.

त्रिमिती चित्रात फटीचे क्षेत्रफळ मोजता येते. पूर्ण जोराने कुंथताना ते २५ चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक भरल्यास फट प्रमाणाबाहेर रुंदावली आहे, असे समजतात. ४० चौरस सेंटिमीटर वा त्याहून अधिक म्हणजे तीव्र स्वरूप.

उलट प्रकारची बिघाडलेली क्रियाही दिसते. काही रुग्णांमध्ये शौचासाठी कुंथताना स्नायू सैल पडण्याऐवजी आवळले जातात आणि गुदमार्गाचा कोन उघडतच नाही. जुनाट बद्धकोष्ठाचे हे एक कारण असते. अशा रुग्णाला आवळण्याचे व्यायाम सांगणे म्हणजे दुखण्यात भर घालणे. त्याला सैल सोडायला शिकवावे लागते.

बाळंतपणातील न दिसणारी इजा

नैसर्गिक प्रसूतीत बाळाचे डोके बाहेर येताना हे स्नायू कमालीचे ताणले जातात. काही वेळा स्नायू जघनास्थीपासून एका किंवा दोन्ही बाजूंनी सुटतो. बाहेर टाके पडलेले दिसतात, ही आतली इजा मात्र दिसत नाही. अमेरिकेतील डॉ. जॉन डीलान्सी यांनी २००३ मध्ये एमआरआयच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासात पहिल्यांदाच प्रसूत झालेल्या १६० स्त्रियांपैकी २० टक्के स्त्रियांत या स्नायूत दोष आढळला. प्रसूती न झालेल्या ८० स्त्रियांपैकी एकीतही तो नव्हता. पुढे त्रिमिती सोनोग्राफीने ही इजा अधिक सुलभपणे दिसू लागली. रुग्णाने स्नायू आवळलेला असताना २.५ मिलिमीटर अंतराने चित्राचे काप घेऊन स्नायू हाडाला चिकटलेला आहे की नाही, हे तपासले जाते. चिमटा लावून झालेल्या प्रसूतीत अशा इजेचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

ही इजा असलेल्या स्त्रियांत पुढे अंग बाहेर येण्याचे आणि शस्त्रक्रियेनंतरही ते पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण अधिक असते. म्हणून शस्त्रक्रिया ठरविण्याआधी ही माहिती हाती असणे उपयोगी पडते. लघवी गळण्याशी मात्र या इजेचा संबंध तितका घट्ट नाही. तसेच स्नायू एका बाजूने सुटला म्हणजे व्यायाम निरुपयोगी, असेही समजू नये. उरलेले स्नायूतंतू काम करीत असतात आणि त्यांना बळ देता येते.

चित्र पाहून शिकणे

या तपासणीचा सर्वांत सुंदर उपयोग शिकविण्यात आहे. पडदा रुग्णाकडे वळविला की तिला आपलाच स्नायू हलताना दिसतो. 'आता वर गेला, हे बरोबर. आता खाली गेला, हे चूक' असे सांगताच अनेकींना नेमकी जाणीव पकडता येते. मग श्वास न रोखता तसेच आवळणे, काही सेकंद धरणे आणि पूर्ण सैल सोडणे हा क्रम बसविता येतो. खोकण्याच्या वा शिंकण्याच्या क्षणभर आधी स्नायू आवळून घेण्याची एक युक्ती आहे. ती वापरल्यास खोकताना मूत्राशयाची मान कमी घसरते, हे सोनोग्राफीनेच दाखवून दिले आहे.

व्यायामाचे फळ किती, याबद्दल आता शंका राहिलेली नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात, खोकताना-शिंकताना लघवी गळणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या गटातील ५६ टक्के स्त्रियांनी तक्रार बरी झाल्याचे सांगितले. व्यायाम न करणाऱ्या गटात हे प्रमाण केवळ ६ टक्के होते. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार किमान तीन महिने, दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठ आकुंचने असा हा क्रम असावा आणि तो सुरू करण्यापूर्वी आकुंचन योग्य होते की नाही, याची खात्री तपासणीने करून घ्यावी.

पुरुषांसाठीही

श्रोणितल पुरुषांनाही असते. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर अनेक पुरुषांना काही काळ लघवी रोखता येत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी सोनोग्राफीद्वारे दाखवून दिले, की पुरुषांत मूत्रमार्गाभोवतीचा स्नायू आणि गुदद्वाराजवळचा स्नायू यांची हालचाल वेगवेगळी ओळखता येते. शिवाय सूचनेचे शब्द बदलले की अधिक काम करणारा स्नायूही बदलतो. 'गुदद्वार आवळा' एवढेच सांगणे लघवीच्या तक्रारीसाठी पुरेसे नसते, असा याचा व्यवहारी अर्थ.

मर्यादा ओळखून

कोणत्याही नव्या तपासणीबाबत होते तसे येथेही अवास्तव अपेक्षा बाळगू नयेत. लघवी गळणाऱ्या प्रत्येक स्त्रीने ही सोनोग्राफी करून घ्यावी, असे नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना तिला नेहमीच्या तपासण्यांत स्थान देत नाहीत. बहुतेकींना कुशल हाताची साधी तपासणी पुरते. तसेच यंत्राचा संकेत पाहून केलेला व्यायाम साध्या व्यायामापेक्षा सरस ठरतोच, असेही नाही. ब्रिटनमधील ६०० स्त्रियांवरील, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत विद्युत्संकेत दाखविणाऱ्या यंत्राची जोड दिल्याने दोन वर्षांनंतर अधिक लाभ दिसला नाही. ते यंत्र सोनोग्राफीचे नव्हते. तरीही धडा तोच आहे. एकदा व्यायाम बरोबर जमला की पुढचे काम यंत्राचे नसून नियमिततेचे असते.

ज्यांना आकुंचन मुळीच जमत नाही, तीन महिने मन लावून व्यायाम करूनही ज्यांना गुण नाही, ज्यांच्या वेदनांचे वा बद्धकोष्ठाचे कारण सापडत नाही, किंवा ज्यांच्यावर शस्त्रक्रिया प्रस्तावित आहे, त्यांना या तपासणीचा विशेष उपयोग होतो.

आपल्याकडील परिस्थिती

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांत प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट स्वतः सोनोग्राफी करून तिथल्या तिथे व्यायाम शिकवितात. भारतात तसे करता येत नाही आणि त्याला सबळ कारण आहे. गर्भलिंगनिदानाच्या दुरुपयोगाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत केंद्रातच ठेवावे लागते आणि ते पात्र, नोंदणीकृत डॉक्टरांनीच वापरायचे असते. यंत्राने तपासायचा भाग कोणताही असो, हे बंधन सुटत नाही. मुलींचा जीव वाचविण्यासाठी केलेली ही तरतूद सैल व्हावी, असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्यामुळे आपल्याकडे तपासणी एका ठिकाणी आणि व्यायामाचे शिक्षण दुसऱ्या ठिकाणी, अशी फाळणी होते. यावर उपाय म्हणजे दोघांचा समन्वय. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी केवळ अवयवांचा अहवाल न देता आकुंचन, सैल पडणे आणि कुंथणे या तिन्ही अवस्थांची नोंद द्यावी आणि शक्य असेल तेथे फिजिओथेरपिस्टला त्या वेळी उपस्थित राहू द्यावे.

तपासणीला जाताना

पोटावरून तपासणी असेल तर मूत्राशय किती भरलेले हवे आणि बाह्य तपासणी असेल तर ते कधी रिकामे करायचे, हे आधी विचारून घ्यावे. प्रोब कुठे टेकविला जाईल, हे समजावून सांगण्याची विनंती करण्यात संकोच नसावा. सोबत स्त्री परिचारिका किंवा नातेवाईक असावी, हा रुग्णाचा रास्त आग्रह आहे. तपासणीदरम्यान थोडी लघवी झाली, तरी त्यात लाजण्यासारखे काही नाही. डॉक्टरांना नेमके तेच पाहायचे असते. 'मला पडदा दाखवा' असे जरूर सांगावे. लघवी करताना ती मध्येच थांबवून पाहण्याचा व्यायाम मात्र रोज करू नये. त्यामुळे मूत्राशय पूर्ण रिकामे होण्यात अडथळा येऊ शकतो. लघवीतून रक्त जाणे, वारंवार जंतुसंसर्ग होणे किंवा लघवी तुंबणे अशी लक्षणे असल्यास व्यायामावर विसंबून न राहता प्रथम डॉक्टरांना भेटावे.

हाताचा किंवा पायाचा स्नायू दुबळा झाला तर आपण तो उघडपणे दाखवितो, उपचार घेतो. हाही तसाच एक स्नायू आहे. तो दिसत नव्हता म्हणून त्याच्याविषयी बोलले जात नव्हते. आता तो दिसू शकतो. तेव्हा 'चालायचेच' म्हणून गप्प बसण्यापेक्षा आपल्या डॉक्टरांकडे हा विषय स्वतःहून काढणे हेच अधिक शहाणपणाचे.